समुद्राखालचं तेल, तेलाखालचं पाणी

एक रुपयाची जुनी नोट घरातल्या एखाद्या पाकिटात, देव्हाऱ्यातल्या डबीत किंवा लग्नाच्या आहेराच्या पाकिटाला चिकटून राहिलेली असली, तर तिची मागची बाजू एकदा नीट पाहण्यासारखी आहे. समुद्रात उभा असलेला एक लोखंडी सांगाडा तिच्यावर छापलेला दिसतो. अनेकांना तो एखादा कारखाना वाटतो, काहींना बंदरातली क्रेन. प्रत्यक्षात तो आहे ‘सागर सम्राट’, म्हणजे मुंबईच्या समुद्रात तेल शोधून काढणारा रिग. एखाद्या यंत्राला नोटेवर जागा मिळावी, असं त्यानं केलं तरी काय होतं?

त्याचं उत्तर मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. तिथं गाव नाही, बेट नाही, झाडाचं पानही नाही. तरीही त्या ठिकाणाला नाव आहे, वस्ती आहे, दिवस-रात्र चालणारं काम आहे. पूर्वी त्याला ‘बॉम्बे हाय’ म्हणत, आता ‘मुंबई हाय’. ‘हाय’ म्हणजे उंचवटा. समुद्रतळाच्याही खाली, खडकांच्या थरांना आलेला हा फुगवटा सुमारे ७५ किलोमीटर लांब आणि २५ किलोमीटर रुंद आहे. वरून पाहणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. दिसतं ते फक्त पाणी, आणि त्यात लोखंडी पायांवर उभी असलेली माणसांची वस्ती.

जुहूहून समुद्राकडे

मुंबई हायला जायची वाट जुहूवरून निघते. जुहूचा विमानतळ देशातला सर्वात जुना नागरी विमानतळ. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते इथंच. आज इथून मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात आणि त्यातली बरीचशी तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या माणसांना घेऊन जातात. अवजड सामान, पाइप, सिमेंट, डिझेल, भाजीपाला हे सगळं मात्र जहाजानं, न्हावा इथल्या तळावरून रवाना होतं.

हेलिकॉप्टरमध्ये बसण्याआधी प्रत्येकाला एक वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. हेलिकॉप्टर पाण्यात पडून उलटलं तर आतून बाहेर कसं यायचं, याचं ते शिक्षण. गोव्यात बेतूल इथं ओएनजीसीची सुरक्षाविषयक संस्था आहे, तिथं समुद्रात जीव वाचवण्याचे धडे दिले जातात. पोटापाण्यासाठी नोकरी करणाऱ्या माणसाला आधी पाण्यातून जिवंत बाहेर पडायला शिकावं लागतं!

प्लॅटफॉर्मवर उतरलं की चौदा दिवसांचा मुक्काम. बारा-बारा तासांची पाळी, मग चौदा दिवस घर. दिवाळी, गणपती, मुलांच्या परीक्षा, सगळं या चौदाच्या पाढ्यात बसवावं लागतं. मुंबई, ठाणे, रायगडमधल्या कित्येक घरांतल्या कालनिर्णयवर ‘आत’ आणि ‘बाहेर’ अशा खुणा दिसतात त्या यामुळंच.

समुद्रात शोध

ऑइल अँड नॅचरल गॅस कमिशनची स्थापना १९५६ मध्ये झाली. या कामामागचं नाव केशवदेव मालवीय यांचं. परदेशी कंपन्यांचे तज्ज्ञ भारतात तेल मिळण्याबाबत साशंक होते. मालवीय यांनी रशियन भूवैज्ञानिकांची मदत घेतली. १९५८ मध्ये खंबायतजवळ तेल लागलं, १९६० मध्ये अंकलेश्वरला. मग नजर समुद्राकडे वळली. साठच्या दशकाच्या मध्यात रशियन आणि भारतीय शास्त्रज्ञांनी जहाजावरून ध्वनिलहरी सोडून समुद्रतळाखालच्या थरांचा अंदाज घेतला आणि मुंबईसमोरचा हा फुगवटा नकाशावर आला.

पण तिथं छिद्र पाडायचं कशानं? पाणी सुमारे ७५ मीटर खोल, वर पावसाळ्यातल्या लाटा. त्यासाठी जपानमध्ये ‘सागर सम्राट’ बांधून घेण्यात आला. हा रिग तरंगत ठरल्या जागी येतो, पाय खाली सोडून समुद्रतळावर टेकवतो आणि स्वतःला लाटांच्या वर उचलून घेतो. १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबई हायच्या पहिल्याच विहिरीत तेल लागलं.

वेळ अशी होती की, याहून मोठी बातमी असूच शकत नव्हती. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाची किंमत काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाली होती. रॉकेलसाठी रांगा लागत होत्या, परकीय चलनाची गंगाजळी आटत होती. अशा वेळी आपल्याच दारात तेल! १९७६ च्या मे महिन्यात तेल निघायला सुरुवात झाली. आधी ते टँकरनं किनाऱ्याला येई. १९७८ मध्ये उरणपर्यंत पाइपलाइन पोचली.

तेलाचं तळं नसतं

‘जमिनीखाली तेल आहे’ म्हटलं की, बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काळं, चकाकतं तळं उभं राहतं. नळी घातली, पंप लावला, की तेल वर! प्रत्यक्षात तसं तळं कुठंही नसतं. मुंबई हायचं बहुतांश तेल आहे ते चुनखडीच्या एका जाड थरात, समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे-चौदाशे मीटर खाली. हा थर कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात जीवजंतूंच्या शिंपल्या-कवचांपासून तयार झाला. त्यातल्या बारीक बारीक छिद्रांत तेल मुरून बसलेलं असतं, जसं चहात बुडवलेल्या टोस्टात चहा मुरतो तसं. टोस्ट दगडाचा आहे, एवढाच फरक!

मग हे तेल छिद्रांतून निघून विहिरीकडे येतं कसं? दाबामुळं. पाण्यात दर दहा मीटर खाली गेलं की, वातावरणाच्या दाबाएवढा दाब वाढतो. या हिशेबानं तेराशे मीटर खाली आपल्या भोवतालच्या हवेच्या शंभराहून अधिक पट दाब भरतो. त्या दाबाखाली तेल आवळलेलं असतं आणि त्यात वायू विरघळलेला असतो. विहीर खोदली की, तिथं दाब कमी होतो आणि भोवतालचं तेल तिच्याकडे धाव घेतं. सुरुवातीला पंपाचीही गरज लागत नाही.

गोटी सोड्याची बाटली आठवावी. गोटी आत ढकलली की, फस्सकन फेस वर येतो. सोडा बाहेर उसळतो तो आतल्या वायूच्या जोरावर. पण बाटली थोडा वेळ उघडी ठेवली तर? वायू उडून जातो आणि उरतो तो बेचव, मुका सोडा. तेलाचंही तसंच. विहिरींतून भराभर तेल काढत गेलं की, खडकातला दाब घटतो. एका मर्यादेखाली तो गेला की, तेलात विरघळलेला वायू खडकातच सुटा होतो. वायू हलका आणि चपळ, तो तेलाच्या आधी विहिरीत घुसतो. वायू गमावलेलं तेल घट्ट होतं, छिद्रांना चिकटून बसतं. ते तेल संपलेलं नसतं, तिथंच असतं. पण त्याला ढकलणारं आता कोणी नसतं.

केवळ स्वतःच्या दाबावर सोडलं तर अनेक तेलक्षेत्रांतून एकूण साठ्याच्या दहा-वीस टक्क्यांच्या पुढं फारसं काही हाती लागत नाही. उरलेलं ऐंशी टक्के खडकात तसंच! म्हणून तेलक्षेत्राची खरी दौलत दाबात आहे. तेल हे त्या दौलतीवरचं व्याज.

समुद्रच सुईनं टोचायचा

हा दाब टिकवायचा कसा? उत्तर ऐकायला सोपं आहे. जेवढं काढलं, तेवढी जागा कशानं तरी भरायची. आणि समुद्रात उभं राहिल्यावर भरायला सर्वात मुबलक काय? समुद्र!

ही युक्ती सापडली ती अपघातानं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १८६५ च्या सुमारास काही जुन्या विहिरींत वरचं पाणी शिरलं. त्या विहिरी बुडाल्या, पण शेजारच्या विहिरींचं तेल वाढलं. १८८० मध्ये जॉन कार्ल या भूवैज्ञानिकानं लिहून ठेवलं की, पाणी तेलाला पुढं ढकलत असावं. पण तिथला कायदा उलटा होता. विहिरीत पाणी जाऊ देणं हा गुन्हा! काही जण रात्री गुपचूप पाणी सोडत. १९२१ मध्ये कायदा बदलला आणि चोरटा उद्योग राजरोस झाला. पुढं सौदी अरबस्तानातल्या घवार या महाकाय तेलक्षेत्रात याच कामासाठी समुद्राचं पाणी वाळवंटातून पाइपलाइननं नेण्यात आलं.

मुंबई हायच्या उत्तर भागात १९८४ मध्ये पाणी भरायला सुरुवात झाली, दक्षिण भागात १९८७ मध्ये. त्यासाठी वेगळे प्लॅटफॉर्म उभे राहिले. तेल न काढता फक्त पाणी खाली पाठवणारे. बाहेरच्या माणसाला हे पाहून गंमत वाटते. चारही बाजूंना अथांग पाणी, आणि ही माणसं तेच पाणी उचलून, धुऊन, गाळून जमिनीत टोचताहेत!

धुऊन-गाळून हे शब्द इथं शब्दशः खरे आहेत. समुद्राचं पाणी जसंच्या तसं खाली गेलं तर घात होतो. त्यातले वाळूचे कण, शेवाळ, सूक्ष्म जीव खडकाची छिद्रं बुजवतात. म्हणून आधी जाड गाळणी, मग बारीक गाळणी. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लोखंडी नळ्या गंजवतो. त्यासाठी एका उंच मनोऱ्यात पाण्यातून ऑक्सिजन ओढून काढतात आणि उरलासुरला रसायनानं मारतात. ऑक्सिजनविना जगणारे काही जंतू तर याहून खोडकर. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर ते गुजराण करतात आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू तयार करतात. त्यांच्यासाठी जंतुनाशक. शिवाय खालचं पाणी आणि वरचं पाणी यांचा गुण जुळला नाही तर नळ्यांत पांढरी खर धरते, बंबात धरते तशी. त्यासाठी आणखी एक औषध. एवढे सोपस्कार झाल्यावर जबरदस्त दाबाचे पंप ते पाणी समुद्रतळावरच्या पाइपलाइनमधून दूरदूरच्या विहिरींकडे पाठवतात.

विहिरींची मांडणीही विचारपूर्वक असते. सर्वसाधारणपणे मध्ये पाण्याची विहीर आणि भोवती तेलाच्या विहिरी, किंवा मग तेलक्षेत्राच्या कडेनं पाण्याच्या विहिरींची रांग. खाली गेलेलं पाणी छिद्रांमधून पुढं सरकतं आणि समोरचं तेल केरसुणीनं केर लोटावा तसं विहिरीकडे लोटत नेतं. दाब टिकतो आणि तेल पुढं सरकतं. एका पाण्यात दोन कामं.

यातला हिशेब मात्र दुधाच्या रतिबासारखा सरळ नाही. तेल वर आलं की, त्यातला वायू निघून जातो आणि ते आक्रसतं. म्हणजे वर मोजलेलं एक बॅरल, १५९ लिटर तेल खाली त्याहून जास्त जागा व्यापून होतं. त्यामुळं एका बॅरल तेलामागं एक बॅरल पाणी घातलं म्हणून खातं बंद होत नाही. त्याहून जास्त पाणी घालावं लागतं, तेव्हा कुठं जमा-खर्च जुळतो.

उपसा आणि भरणा

जमा-खर्चाची ही गोष्ट तेलापुरतीच नाही. बंगळूरकरांना ती चांगलीच ठाऊक आहे. त्या शहराखाली तेल नाही, तिथं आहे तो जगातल्या अतिप्राचीन खडकांपैकी एक. लालबागेतल्या टेकडीवर तो उघडा पाहायला मिळतो. या कठीण खडकाच्या भेगांतलं पाणी बोअरवेलनं वर्षानुवर्षं उपसलं गेलं. तळी बुजत गेली, जमिनीवर सिमेंट चढलं, पाणी खाली मुरायच्या वाटा बंद झाल्या. पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याची वा साठवण्याची सोय तिथल्या मोठ्या घरांना २००९ पासून सक्तीची झाली, पण २०२४ च्या उन्हाळ्यात सुमारे चौदा हजार सरकारी बोअरवेलपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्या. तिथं पाऊस निदान दरवर्षी येतो, चूक दुरुस्त करायची संधी देतो. तेलाचा पाऊस मात्र पडत नाही. म्हणून तेलक्षेत्रात भरण्याला उशीर झाला तर त्याची किंमत जास्त.

नॉर्वेच्या समुद्रातल्या इकोफिस्क या तेलक्षेत्रात तर याचं फार ठळक उदाहरण घडलं. तिथला खडूसारखा मऊ खडक तेल काढल्यावर दबत गेला आणि समुद्रतळच खचू लागला. प्लॅटफॉर्म पाण्याच्या दिशेनं खाली जाऊ लागले. शेवटी १९८७ मध्ये ते प्रचंड प्लॅटफॉर्म जॅक लावून सहा मीटर वर उचलावे लागले आणि त्याच वर्षी तिथं मोठ्या प्रमाणावर पाणी भरणं सुरू झालं.

मुंबई हायमध्ये समुद्रतळ खचला नाही, पण दाबाचा प्रश्न टळला नाही. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, पाणी भरणं सुरू झालं १९८४ मध्ये. मधल्या काळात देशाची गरज वाढतच होती. १९८९ मध्ये इथलं उत्पादन दिवसाला पावणेपाच लाख बॅरलपर्यंत चढलं. वर्षाला सुमारे दोन कोटी टन, देशातल्या एकूण उत्पादनाच्या निम्म्याहून अधिक! मुंबई हाय म्हणजे देशाची दुभती गाय, असं तेव्हा अभिमानानं म्हटलं जाई. पण दुभत्या गाईलाही वैरण लागते. काही वर्षांतच दाब घटल्याची, काही विहिरींतून वायूच जास्त येत असल्याची लक्षणं दिसू लागली. खडकाला विसावा मिळावा म्हणून कितीतरी विहिरींचं उत्पादन कमी करावं लागलं वा त्या बंद ठेवाव्या लागल्या. १९८९-९० मध्ये देशाचं उत्पादन ३ कोटी ४० लाख टन होतं. १९९२-९३ मध्ये ते २ कोटी ७० लाखांवर आलं. त्या घसरणीत मुंबई हायचा वाटा मोठा होता. गरजेपोटी उपसा जास्त झाला का, यावर तेव्हा बरीच टीका झाली.

घाई अडचणीची ठरते ती आणखी एका कारणानं. चुनखडीचा थर सगळीकडे सारखा नसतो. कुठं छिद्रं मोठी, कुठं भेगा, कुठं घट्ट दगड. पाणी सोप्या वाटेनं जातं. एखादी मोकळी वाट सापडली की, ते बाजूचं तेल तसंच सोडून थेट तेलाच्या विहिरीत हजर होतं. मग तेलाऐवजी पाणीच वर येऊ लागतं. ते तेलापासून वेगळं करायचं, स्वच्छ करायचं, मगच त्याची विल्हेवाट लावायची. म्हणजे पाणी खाली पाठवायचा खर्च, वर आलेलं पाणी हाताळायचा खर्च, आणि तेल मात्र तिथंच. त्यात समुद्रतळावरच्या पाइपलाइन गंजतात. गळती झाली की, ठरलेलं पाणी ठरल्या विहिरीत पोचत नाही आणि त्या भागातला दाब पुन्हा घसरतो.

म्हातारपणीची शुश्रूषा

नव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई हायचा पुनर्विकास हाती घेण्यात आला. खडकाचं नवं, बारकाईचं चित्र काढण्यात आलं. सरळ खाली जाणाऱ्या विहिरींच्या जोडीला तेलाच्या थरात आडव्या जाणाऱ्या विहिरी खोदल्या गेल्या. जुन्याच विहिरींच्या पोटातून नवे फाटे काढले गेले. ज्या भागांत पाणी पोचत नव्हतं तिथं ते पोचवायचा प्रयत्न झाला. तेल पूर्वीसारखं वाढलं नाही, पण घसरणीचा वेग आवरला. तेलक्षेत्राच्या उतारवयात एवढं जमणंही मोठं असतं.

या खटाटोपाचा फायदा केवढा, याचा अंदाज एका हिशेबावरून येतो. मुंबई हायच्या खडकात मुळात दीड अब्ज टनांहून अधिक तेल होतं, असा अंदाज आहे. पाण्याच्या नीट नियोजनानं त्यातलं आणखी फक्त एक टक्का हाती लागलं तरी दीड कोटी टन होतात. सध्या देशात वर्षभरात निघणाऱ्या तेलाच्या निम्मे! एक नवं तेलक्षेत्र शोधण्यापेक्षा जुन्यातलं एक टक्का जास्त काढणं कधीकधी अधिक शहाणपणाचं ठरतं ते यामुळं. आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण अजूनही बाहेरून आणतो, हे लक्षात घेतलं तर या एका टक्क्याचं मोल कळतं.

राजस्थानातल्या बारमेरजवळच्या मंगला तेलक्षेत्रानं हा धडा सुरुवातीपासूनच गिरवला. तिथलं तेल मेणासारखं, थंड झालं की थिजणारं. म्हणून २००९ मध्ये उत्पादन सुरू करताना गरम पाणी खाली सोडायची व्यवस्था आधीच केलेली होती. पुढं पाण्यात पॉलिमर मिसळून ते घट्ट करण्यात आलं. घट्ट पाणी मोकळ्या वाटेनं निसटत नाही, तेलाला एकसारखं लोटत नेतं.

लाटा, आग आणि माणसं

या सगळ्या आकड्यांच्या मागं माणसं आहेत, हे मुंबई हायनं वारंवार दाखवून दिलंय. २००५ च्या २६ जुलैला मुंबईत ढगफुटी झाली. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. शहर चिखलातून डोकं वर काढत असतानाच २७ जुलैला दुसरी बातमी आली. मुंबई हाय उत्तरच्या प्लॅटफॉर्मला आग लागली होती. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या जखमी स्वयंपाक्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर घ्यायचं होतं. उसळत्या समुद्रात जहाज प्लॅटफॉर्मवर आदळलं, समुद्रतळावरून वर येणारी वायूची उभी नळी फुटली आणि क्षणात भडका उडाला. दोन तासांत तो मजल्यांवर मजले असलेला प्लॅटफॉर्म कोसळून समुद्रात गेला. नौदल, तटरक्षक दल आणि जवळपासच्या जहाजांनी साडेतीनशेहून अधिक लोकांना वाचवलं. २२ जण मात्र परतले नाहीत. ज्या प्रदेशात पाण्याचा दाब हाच जीव की प्राण, तिथं वायूच्या एका फुटलेल्या नळीनं केवढा घात केला!

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ हा निवासी तराफा नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ जण होते. नौदलानं अंधारात, डोंगराएवढ्या लाटांतून १८६ जणांना बाहेर काढलं. सत्तरहून अधिक कुटुंबांकडे मात्र बातमी आली ती वाईटच. हे लोक तेलक्षेत्रातली डागडुजी, वेल्डिंग, रंगकाम करायला आलेले कंत्राटी कामगार होते. म्हाताऱ्या तेलक्षेत्राची शुश्रूषा करणारे हात हेच.

समुद्राचे जुने रहिवासी, म्हणजे कोळी बांधव, यांच्याशीही या लोखंडी वस्तीचं नातं अवघड आहे. प्लॅटफॉर्मभोवती पाचशे मीटरच्या आत मासेमारीला बंदी आहे, आणि नेमक्या त्या पायांभोवतीच मासे घुटमळतात! लोखंडावर शेवाळ, शेवाळाला मासे. सुरक्षेचा नियम एकीकडे आणि पोटाचा प्रश्न दुसरीकडे.

उरणचं स्वयंपाकघर

मुंबई हायचं तेल आणि वायू उरणला येतात तेव्हा या दूरच्या जागेचा संबंध आपल्या घराशी जुळतो. इथं वायूतून घरगुती सिलिंडरचा गॅस वेगळा काढला जातो. इथल्या वायूवर उरणचं वीजकेंद्र चाललं, चेंबूर आणि थळच्या खत कारखान्यांत युरिया झाला, नागोठण्यात प्लॅस्टिकचा कच्चा माल झाला. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि मुंबईच्या स्वयंपाकघरांत नळानं गॅस येऊ लागला. त्यासाठीचा देशी वायूही उरणवरूनच येतो. गॅसच्या शेगडीवर दूध उतू जातं तेव्हा १६० किलोमीटरवर कुणीतरी समुद्राचं पाणी गाळून खडकात सोडत असतं, याची घरात कुणाला कल्पनाही नसते.

पुन्हा एकदा दाबाची परीक्षा

२०२४ मध्ये मुंबई हायच्या शोधाला पन्नास वर्षं झाली. दिवसाला पावणेपाच लाख बॅरल देणारं हे क्षेत्र तेव्हा १ लाख ३० हजार बॅरलच्या आसपास आलं होतं. ओएनजीसीनं जगभरातल्या कंपन्यांना आवाहन केलं आणि २०२५ च्या जानेवारीत ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक साहाय्यक म्हणून निवड जाहीर झाली. तेलक्षेत्राची मालकी ओएनजीसीचीच. बीपीनं खडक, विहिरी आणि यंत्रणा यांची तपासणी करून उत्पादन वाढवण्याचे उपाय सुचवायचे. दहा वर्षांत तेल आणि वायूचं मिळून उत्पादन साठ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा बीपीचा अंदाज सांगितला गेला. अंदाज मोठा आहे. तो खरा ठरायचा तर नव्या विहिरींइतकंच जुनं, कंटाळवाणं काम नीट व्हावं लागेल. कुठल्या विहिरीत किती पाणी गेलं, कुठलं वाया गेलं, कुठं दाब उतरला, हे रोज मोजायचं आणि रोज दुरुस्त करायचं.

‘सागर सम्राट’चीही सेवा संपलेली नाही. इतकी वर्षं विहिरी खोदल्यावर त्याचं रूपांतर तेल-वायूवर प्रक्रिया करणाऱ्या फिरत्या केंद्रात करण्यात आलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये ते पश्चिम किनाऱ्यावर पुन्हा कामाला लागलं. १९७४ साली तेल सापडणं हा पराक्रम होता. आता कसोटी संयमाची आहे. खडकात राहिलेलं तेल कुठं पळून जात नाही. त्याला ढकलणारा दाब मात्र एकदा गेला की, तो परत आणायला समुद्र उपसून ओतला तरी वर्षं जातात. म्हणूनच मुंबई हायच्या नियंत्रण कक्षात पाळी बदलताना तेलाच्या आकड्याइतकंच पाण्याच्या आकड्याकडेही बारकाईनं पाहावं लागतं.